विश्लेषण : जुन्या गाडीचा अल्टरनेटर घरीच बदलता येतो का? शहापूर-मुरबाडमध्ये हा प्रश्न कळीचा का?

पावसाळ्याच्या रात्री माळशेज घाट चढताना हेडलाइट पिवळे पडू लागतात, वायपर रेंगाळतो आणि थोड्याच वेळात इंजिन बंद पडते. बॅटरी गेली, असा पहिला समज होतो. प्रत्यक्षात अनेकदा बॅटरी ठीक असते; तिला चार्ज करणारा अल्टरनेटर बंद पडलेला असतो. शहरात अशी गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला जाते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील गावपाड्यांवर मात्र ती बहुतेक वेळा अंगणातच उघडली जाते. हे काम घरी होऊ शकते, पण सगळ्याच गाड्यांत नाही. अडचण सुट्या भागाच्या किमतीची कमी आणि तो इंजिनात कुठे बसवला आहे याची जास्त असते.

अल्टरनेटर नेमके काय करतो?

इंजिन सुरू करण्यापुरती वीज बॅटरी देते. त्यानंतर दिवे, वायपर, ब्लोअर, इग्निशन, इंधन पंप हे सगळे अल्टरनेटरच्या विजेवर चालते आणि उरलेल्या विजेवर बॅटरी पुन्हा भरते. इंजिनच्या पुलीवरून आलेला पट्टा अल्टरनेटर फिरवतो. आतल्या फिरत्या भागाला दोन छोट्या कार्बन ब्रशमधून वीज मिळून चुंबकीय क्षेत्र तयार होते. बाहेरच्या स्थिर गुंडाळीत त्यामुळे प्रत्यावर्ती वीज निर्माण होते. डायोड तिचे रूपांतर एकदिश विजेत करतात आणि रेग्युलेटर व्होल्टेज मर्यादेत ठेवतो. म्हणजे झिजणारे किंवा बिघडणारे भाग मोजकेच आहेत : कार्बन, बेअरिंग, डायोड, रेग्युलेटर आणि बाहेरचा पट्टा.

पूर्वी हे काम डायनामो करत असे. मंद गतीने चालणाऱ्या इंजिनावर तो पुरेशी वीज देत नसे. अमेरिकेत क्रायसलरने १९६० च्या ‘व्हॅलियंट’ मोटारीत अल्टरनेटर आणला आणि पुढे जगभर तोच रुळला. गॅरेजमध्ये मात्र अल्टरनेटरलाही ‘डायनामो’ म्हणण्याची सवय अजून टिकून आहे.

शहापूर-मुरबाडमध्ये प्रश्न वेगळा का?

शहापूर तालुक्याला मध्य रेल्वेची वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्थानके आहेत. पण डोळखांब किंवा किन्हवली परिसरातून स्थानकापर्यंत यायलाही वाहन लागते. मुरबाडला रेल्वेच नाही. टोकावडे, सरळगाव, धसई, म्हसा या भागांचा आधार म्हणजे एसटी, जीप आणि घरची गाडी. रात्री-अपरात्री रुग्णाला हलवायचे असेल तर घरची किंवा शेजाऱ्याची गाडीच निघते. ती शहरात दहा-बारा वर्षे फिरून मग गावात आलेली असण्याची शक्यता मोठी.

त्यात हवामानाची भर. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस, फरशीपुलावरून वाहणारे पाणी, भातशेतीच्या वाटांवरचा चिखल आणि उन्हाळ्यातली लाल धूळ हे सगळे अल्टरनेटरचे शत्रू आहेत. त्याला थंड ठेवण्यासाठी आवरणाला फटी ठेवलेल्या असतात. त्यातूनच पाणी आणि बारीक माती आत जाते, कार्बन लवकर झिजतो, बेअरिंगमधले ग्रीस धुऊन जाते. अल्टरनेटर इंजिनच्या तळाशी असेल तर पाण्यातून गाडी काढताना तो सर्वांत आधी भिजतो.

दोष अल्टरनेटरचाच, हे कसे ओळखायचे?

घरी अल्टरनेटर बदलणाऱ्यांची सर्वांत महागडी चूक म्हणजे तपासणी न करता तो काढणे. अर्धा दिवस खर्चून नवा बसवल्यावर कळते की दोष गंजलेल्या अर्थिंगच्या वायरमध्ये होता. काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर ही चूक टाळतो.

तपासणी तीन टप्प्यांत करावी. गाडी काही तास बंद असताना बॅटरीच्या टर्मिनलवर साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिन सुरू केल्यावर आकडा १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान जायला हवा. हेडलाइट आणि ब्लोअर लावून इंजिन थोडे रेस केले तरी तो १३.५ व्होल्टच्या खाली रेंगाळू नये. इंजिन सुरू असूनही आकडा १२ वरच राहिला तर चार्जिंग होत नाही. तो १५ व्होल्टच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशी गाडी चालवल्यास बॅटरी उकळते आणि बल्ब, इलेक्ट्रॉनिक भाग जळतात.

चार्जिंग होत नसेल, तरी लगेच पाना हातात घेऊ नये. आधी पट्टा सैल आहे का, टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आहे का, चार्जिंगचा फ्यूज शाबूत आहे का, उंदराने वायर कुरतडली आहे का, हे पाहावे. मग इंजिन सुरू असताना आणि दिवे लावलेले असताना अल्टरनेटरचे जाड टर्मिनल आणि बॅटरीचे धन टर्मिनल यांच्यातला फरक मोजावा. तो अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर दोष वायरमध्ये आहे. इंजिनची बॉडी आणि बॅटरीचे ऋण टर्मिनल यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर अर्थिंग खराब आहे. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवाही बोलका असतो. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी तो लागायला हवा. तो लागतच नसेल तर बल्ब किंवा वायर तुटलेली असू शकते. काही जुन्या गाड्यांत त्या एका कारणानेही चार्जिंग सुरू होत नाही.

एक पद्धत मात्र पूर्ण टाळावी. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढायचे आणि गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला, असे अनेक ठिकाणी समजले जाते. टर्मिनल काढताच व्होल्टेज क्षणात अनेक पटींनी उसळू शकते. त्यात डायोड, रेग्युलेटर आणि इंजिनचे कंट्रोल युनिट जाऊ शकते. अल्टरनेटरपेक्षा कंट्रोल युनिट कितीतरी महाग पडते.

हात पोहोचत का नाही?

जुन्या जीपचे बॉनेट उघडले की इंजिनच्या बाजूला मोकळी जागा दिसते आणि अल्टरनेटर सहज हाताला लागतो. छोट्या मोटारींत इंजिन आडवे बसवल्यावर चित्र बदलले. त्याच जागेत एसी कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगचा पंप, रेडिएटरचा पंखा आले. अल्टरनेटर कधी इंजिन आणि केबिनच्या भिंतीच्या मध्ये, कधी एक्झॉस्टच्या खाली, तर कधी चाकाच्या एक्सलच्या वर ढकलला गेला. मारुती ओम्नी किंवा ईकोसारख्या गाड्यांत तर इंजिनच पुढच्या सीटखाली असते. तिथे काम सीट उचलून आणि गाडीखाली जाऊन, असे दोन्हीकडून करावे लागते.

कारखान्यात इंजिन आणि त्याला जोडलेले भाग आधी एकत्र बसवून मग गाडीत घातले जातात. त्यामुळे जोडणी करणाऱ्याला ही अडचण येत नाही. ती पंधरा वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्याला येते. खालचा लांब बोल्ट सैल तर होतो, पण बाहेर सरकताना चॅसिसच्या पत्र्याला अडतो, हा त्याचा नेहमीचा नमुना. मग तो अर्धा इंच मिळवण्यासाठी इंजिनचे माउंट सैल करून इंजिन जॅकने किंचित उचलावे लागते. अर्ध्या तासाचे काम अशाने दिवसभराचे होते आणि मजुरी त्याच प्रमाणात वाढते.

घरी बदलायचा तर क्रम कोणता?

अल्टरनेटर वरून, खालून की चाकाच्या बाजूने निघेल, हे आधी टॉर्च लावून ठरवावे. कित्येक गाड्यांत पुढचे चाक आणि आतले प्लास्टिकचे आवरण काढले की वरून न दिसणारे बोल्ट समोर येतात. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा. पट्ट्याचा मार्ग आणि वायरच्या जागा यांचे मोबाइलवर फोटो काढावेत.

कामाची सुरुवात बॅटरीचे ऋण टर्मिनल काढण्यापासूनच करावी. अल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीला जोडलेली असते आणि चावी काढली तरी ती जिवंत असते. पाना एकाच वेळी त्या वायरला आणि बॉडीला टेकला तर पाना लाल होण्याइतका प्रवाह वाहू शकतो. त्यानंतर ताण सैल करून पट्टा उतरवणे, मागचा प्लग आणि जाड वायर सोडवणे, वरचा बोल्ट, मग खालचा बोल्ट, असा क्रम असतो. चार-सहा किलोचा हा भाग निसटून हातावर किंवा रेडिएटरवर पडू नये म्हणून शेवटचा बोल्ट काढताना खालून आधार द्यावा.

नवा अल्टरनेटर बसवण्याआधी जुन्याच्या शेजारी ठेवून पाहावा. पुलीच्या खाचा, पुलीचा व्यास, बोल्टच्या कानांमधले अंतर, प्लगच्या पिना आणि अँपिअर हे सगळे जुळायला हवे. कंसात बसवताना तो आत जातच नाही, असे अनेकांना वाटते. खालच्या कानात सरकणारा बुश असतो आणि जुना बोल्ट आवळताना तो घट्ट बसलेला असतो. तो हलके ठोकून मागे सरकवला की जागा होते. हे माहीत नसल्याने हातोड्याने अल्टरनेटरचा कान तोडल्याची उदाहरणे गॅरेजवाल्यांना नवी नाहीत.

जुन्या पद्धतीचा व्ही-पट्टा सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबावा. तो सैल राहिला तर घसरून किंचाळतो; जास्त ताणला तर बेअरिंग खातो. शेवटी बॅटरीचे धन टर्मिनल आधी आणि ऋण टर्मिनल नंतर जोडावे. पूर्ण उतरलेली बॅटरी नव्या अल्टरनेटरवर भरायला सोडू नये. ती आधी चार्जरवर लावावी, नाहीतर नवा अल्टरनेटर पहिल्याच फेरीत तापतो.

कुठे थांबायचे?

घरच्या कामाची मर्यादा ओळखणे हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पहिला धोका गाडीखाली जाण्याचा. टायर बदलायचा जॅक माणसाने खाली शिरावे म्हणून बनवलेला नसतो. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक भाराखाली अचानक फुटतात. पावसात भिजलेल्या मातीच्या अंगणात जॅक रुततो आणि तिरका होतो. पक्की जमीन, लोखंडी स्टँड, चाकांना अडण आणि सोबत दुसरा माणूस यांतले एकही नसेल तर गाडीखाली जाऊ नये.

दुसरा धोका ब्रेकचा आहे आणि तो कमी लोकांना माहीत असतो. जुन्या अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. त्याला इंजिन ऑइलच्या नळ्या आणि ब्रेक बूस्टरची नळी जोडलेली असते. नळी नीट बसली नाही तर ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट होते. ऑइलची नळी गळली तर इंजिन जाते. अशा गाडीत काम झाल्यावर सपाट जागेवर ब्रेक तपासल्याशिवाय रस्त्यावर, विशेषतः कसारा किंवा माळशेजच्या दिशेने, निघू नये.

तिसरी मर्यादा एसीची. कॉम्प्रेसर वाटेत येत असेल तर तो नळ्यांसकट सोडवून बाजूला बांधता येतो, पण नळी उघडू नये. आत दाबाखाली वायू असतो. एक्सल काढल्याशिवाय अल्टरनेटर निघतच नसेल तर गियरबॉक्सचे ऑइल, हबचा नट आणि त्याचा ठरावीक ताण यांचा प्रश्न येतो. तिथे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नव्हे, तर मेकॅनिकच्या रॅम्पवर न्यावे.

नवा, दुरुस्त केलेला की जुन्या बाजारातला?

पर्याय तीन आहेत. फक्त कार्बन झिजला असेल किंवा रेग्युलेटर गेला असेल तर तेवढाच बदलता येतो. काही गाड्यांत मागचे झाकण काढून हे काम अल्टरनेटर जागेवर असतानाच होते. हा खर्च सहसा शेकड्यांत राहतो, तर पूर्ण नवा अल्टरनेटर काही हजारांत जातो. बेअरिंग, डायोडही ऑटो इलेक्ट्रिशियन बदलून देतात. पण हात सहज पोहोचत नसेल तर गणित बदलते. एकदा दिवसभर खपून अल्टरनेटर बाहेर काढल्यावर फक्त कार्बन बदलणे आणि जुने बेअरिंग तसेच ठेवणे ही काटकसर ठरत नाही. जितकी जागा अवघड, तितके एकाच वेळी जास्त भाग बदलणे परवडते. त्यात पट्टाही आला.

कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मोडीत निघालेल्या गाड्यांचे अल्टरनेटर मिळतात. ते पिशवीत घालून लोकलने आसनगावला किंवा कल्याणहून एसटीने मुरबाडला आणता येतात. मात्र त्यांची हमी नसते. दुकानात बाकावर फिरवून व्होल्टेज दाखवल्याशिवाय ते घेऊ नयेत, कारण खराब निघाल्यास परतीचा हेलपाटा आणि दुसऱ्यांदा काढ-घाल असे दुहेरी नुकसान होते. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के दर निश्चित केला. अल्टरनेटर आणि गाडीची शिसे-आम्ल बॅटरी आधी २८ टक्क्यांच्या गटात होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून पक्क्या बिलावर नवा दर लागू आहे.

वाटेतच बंद पडला तर?

पेट्रोल गाडीचे इंधन पंप व इग्निशन, हेडलाइट, टेललाइट आणि वायपर मिळून सुमारे ३०० वॅट, म्हणजे २५ अँपिअरच्या आसपास वीज लागते. छोट्या मोटारीची ३५ अँपिअर-तासाची पूर्ण भरलेली बॅटरी कागदावर ८४ मिनिटे पुरेल. प्रत्यक्षात जुनी बॅटरी अर्ध्या-पाऊण तासातच दगा देते. पावसाळी रात्री मुरबाडहून माळशेजचा घाटमाथा गाठायला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यामुळे बॅटरीचा दिवा लागताच घाटाकडे न जाता वस्ती असलेल्या दिशेला वळणे शहाणपणाचे. एसी, ब्लोअर, संगीत, मोबाइल चार्जर बंद करावे आणि इंजिन बंद करू नये. पुन्हा सेल्फ मारण्याइतकी वीज उरलेली नसते.

याला एक अपवाद आहे. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत अल्टरनेटरचाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. बॅटरीच्या दिव्यासोबत तापमानाचा काटा वर जाऊ लागला तर पट्टा तुटला आहे, असे समजून लगेच थांबावे. पुढचे दोन किलोमीटर गाठायच्या नादात इंजिनचे हेड जाते.

जुनी गाडी ठेवणे महाग होते आहे का?

खासगी मोटारीची नोंदणी पहिली १५ वर्षे वैध असते आणि नंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीचे नूतनीकरण शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटार वाहनांसाठी ते १०,००० रुपये केले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. दिल्ली परिसरातला १० वर्षे डिझेल, १५ वर्षे पेट्रोल हा वयाचा निकष ठाणे जिल्ह्यात लागू नाही. इथे गाडी तपासणीत उत्तीर्ण झाली तर चालू राहते. दिवे, हॉर्न, वायपर हे सगळे त्या तपासणीत येते आणि या सगळ्यांची वीज अल्टरनेटरच देतो.

त्यामुळे शुल्क भरून गाडी ठेवायची की मोडीत काढायची, हा निर्णय बहुधा एखाद्या मोठ्या दुरुस्तीच्या वेळी होतो. ज्या घरात दुसरे वाहन नाही, तिथे एका दिवसाच्या मजुरीचा फरकही त्या निर्णयावर परिणाम करतो.

‘दुरुस्तीचा हक्क’ इथे उपयोगी पडतो का?

काही प्रमाणात. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणे, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्यात शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्यासह वाहनांचाही समावेश होता. त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे पोर्टल सुरू झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने मोटारींसाठी असा कायदा २०१२ मध्येच केला.

हे सगळे प्रयत्न भाग आणि माहिती मिळण्याबद्दल आहेत. तो भाग हाताला लागेल अशा जागी असावा, हे त्यांतून सक्तीचे होत नाही. भारतात २०२५ मध्ये दुरुस्ती-योग्यता निर्देशांकाचा आराखडा सादर झाला. एखादा भाग काढण्यासाठी आधी किती भाग सोडवावे लागतात आणि कोणती हत्यारे लागतात, हेही त्याच्या निकषांत आहे. मात्र तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी आहे, मोटारींसाठी नाही. तसा निर्देशांक मोटारींना लागू झाला, तर अल्टरनेटर काढायला किती वेळ लागतो हे ग्राहकाला खरेदीच्या वेळीच कळेल. तोवर गावात जुनी गाडी घेणाऱ्याने टायर आणि इंजिनचा आवाज पाहतानाच बॉनेट उघडून एवढे तपासावे : अल्टरनेटर दिसतो का, आणि त्याच्या खालच्या बोल्टला पाना लागतो का.